चहानंतरचा गठ्ठा

खलील सरांनी सदऱ्याच्या खिशातून एक लवंग काढली आणि डाव्या दाढेखाली दाबून धरली. समोरच्या बाकावरच्या बिडवे बाईंनी लाल पेन खाली ठेवलं.

“सर, परभणीतल्या लवंगा संपवता का आता? दाखवा की एकदा दात.”

“दाखवतो. पेपर संपू द्या.”

“मागच्या उन्हाळ्यातही हेच म्हणालात. तुमच्या घरासमोरच दातांचा दवाखाना आहे म्हणे. रस्ता ओलांडायचं जिवावर येतंय का?”

“समोरचा दवाखाना म्हणजे घरचाच झाला, बाई. घरच्या माणसांपुढं तोंड उघडायची पंचाईत होते.”

आजूबाजूचे परीक्षक हसले. मीही हसले. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला आणखी आठवडा लागायचा होता.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. सांख्यिकीत एम.एस्सी. होऊन मला वर्ष झालं होतं आणि परीक्षा मंडळानं मला कंत्राटावर घेतलं होतं. एका शाळेच्या सभागृहात दहावीच्या इंग्रजीचे पेपर तपासले जात होते. एप्रिलचं ऊन, दोन्ही बाजूंना घरघरणारे कूलर, सुतळीनं बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि खाली मान घालून बसलेले चार जिल्ह्यांतले इंग्रजीचे शिक्षक. कोपऱ्यातल्या टेबलावर मी आणि माझा लॅपटॉप. परीक्षकांनी लाल शाईनं तपासायचं, त्यांच्यावरच्या नियामकांनी हिरव्या शाईनं. एकदा दिलेले गुण बदलायचे तर शेजारी नियामकाची हिरवी सही हवीच. खलील सर नियामक होते, आणि निवृत्तीच्या आधीचा त्यांचा हा शेवटचा उन्हाळा होता.

माझं काम साधं होतं. मंडळाला तपासणीची पद्धत बदलायची होती. तोवर एक परीक्षक अख्खी उत्तरपत्रिका तपासायचा आणि शेवटी बेरीज करायचा. नव्या पद्धतीत एकानं फक्त पत्र तपासायचं, दुसऱ्यानं फक्त निबंध, तिसऱ्यानं उताऱ्यावरची उत्तरं. बेरीज संगणक करणार. कोणत्या मुलाला एकूण किती मिळाले, हे तपासणाऱ्या कोणालाच कळणार नाही. जुनी पद्धत ठेवायची की नवी आणायची, यावर महिनाअखेरीस बैठक होती आणि तिच्यासाठी मागच्या काही वर्षांच्या गुणांचा अहवाल मी तयार करायचा होता.

चहा आला. चहा आला की सभागृहातली सगळी पेनं एकदम थांबायची. बिडवे बाईंनी चहा संपवला, पदराला हात पुसले आणि बाकाच्या कडेला वेगळ्या ठेवलेल्या चार-पाच उत्तरपत्रिका पुढं ओढल्या.

“हे काय?” मी विचारलं.

“हा चहानंतरचा गठ्ठा. तुला ठाऊक नाही? ये, बस इथं.” त्यांनी मला शेजारी जागा करून दिली. “तीस ते चौतीसमधली पोरं आम्ही बाजूला ठेवतो. चहा होऊ देतो. डोकं थंड झालं की परत बघतो. आता हे बघ, एकतीस. पत्राचा मायना चुकलाय, पण पोराला काय म्हणायचंय ते कळतंय ना? एक मार्क. इथं उत्तर बरोबर आहे, वाक्य अर्धं सोडलंय. अर्धा. हा निबंध बघ, घरच्या म्हशीवर लिहायलाय, स्पेलिंग सगळी त्याची स्वतःची. पण पानभर लिहिलंय. पळून नाही गेला. दीड.”

चौतीसपाशी बाईंची गाडी अडली. त्यांनी पानं दोनदा उलटसुलट केली. “सर, हे काही होईना.”

खलील सरांनी उत्तरपत्रिका घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ ते वाचत होते. मग हिरव्या पेनानं एका उत्तरापाशी एक गुण वाढवला आणि सही केली. “म्हशीला ‘शी’ म्हणालाय, ‘इट’ नाही. घरातलं माणूस समजतो तिला. द्या त्याला.”

“हे नियमात बसतं का?” मी विचारलं.

“नियमात बसतं का ते माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “पोरगं अकरावीत बसतं.”

त्या संध्याकाळी खलील सर माझ्या टेबलापाशी आले. सभागृह रिकामं होत होतं.

“रेवती बेटा, तुझा अहवाल कोणाच्या बाजूचा?”

“कोणाच्याच नाही, सर. आकडे सांगतील ते.”

“मग आकड्यांना माझा एक प्रश्न विचार.” ते समोरच्या खुर्चीवर टेकले. “बैठकीत मोहरीर साहेब म्हणणार, ही मेहेरबानी आहे आणि मेहेरबानी तोंड बघून होते. सहसचिव माणूस, बोलायला पक्का. आमच्याकडं उत्तर नाही. तू आकड्यांतून दाखव की आम्ही ओढतो तर सगळ्यांना सारखं ओढतो. गावचा असो, शहराचा असो, मुलगा, मुलगी, कोणीही. एवढं दाखवलंस तर हा गठ्ठा वाचेल. नाहीतर पुढच्या वर्षी तो म्हशीवाला नापास. त्याच्यासारखी किती असतील, मला मोजता येत नाही. तुला येईल.”

मला तो प्रश्न आवडला. खरंच आवडला. मोजून उत्तर देता येईल असा प्रश्न लोक क्वचित विचारतात.

पहिला आलेख काढला तेव्हा मी पडद्याकडं नुसती बघत राहिले. शून्यापासून शंभरापर्यंत कोणत्या गुणावर किती मुलं आहेत, एवढंच त्यात होतं. रेघ टेकडीसारखी हळूहळू चढत होती आणि तिशीपाशी आली की धपकन खाली पडत होती. तीस ते चौतीस, जवळजवळ कोणीच नाही. एक खड्डा. आणि त्याच्या काठावर, पस्तीसवर, एक मनोरा. खड्ड्यातली सगळी मुलं कोणीतरी हाताला धरून त्या मनोऱ्यावर उभी केली होती.

दुसऱ्या दिवशी मी तो सरांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“म्हणजे हे आम्ही?”

“हो.”

“इतकं उघडं दिसतं?”

“आलेखात काही लपत नाही, सर.”

ते हसले. बिडवे बाईंना बोलावलं, आणखी दोघा-तिघांना बोलावलं. सगळे वाकून बघत राहिले. एखाद्या लग्नाच्या फोटोत माणसं आपला चेहरा शोधतात, तसे. “हा बघा मनोरा,” बाई म्हणाल्या, “यातल्या चार विटा माझ्या.”

मग मी आकडे विभागायला घेतले. मुलं आणि मुली वेगळे केले. खड्डा तसाच, मनोरा तसाच. गाव आणि शहर वेगळं केलं. तसाच. जिल्ह्यानुसार, पुन्हा तसाच. प्रत्येक आलेख आधीच्याशी जुळत गेला तसा मला सरांच्या वतीनं आनंद होत गेला. चार जिल्ह्यांतले, एकमेकांना न ओळखणारे शेकडो शिक्षक एकाच मापानं दया करत होते. मोहरीर साहेबांना तोंडावर द्यायला याहून चांगलं उत्तर नव्हतं.

उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर शाळेचं माध्यम लिहायची एक चौकट असते. सगळ्यात शेवटी मी माध्यमानुसार आलेख काढले. मराठी, खड्डा. हिंदी, खड्डा. इंग्रजी माध्यमाची मुलं तिशीच्या आसपास फारशी नसतातच, पण जी होती तिथंही खड्डा. उर्दू.

उर्दूत खड्डा नव्हता.

रेघ सरळ चढत गेली होती. तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस, प्रत्येक पायरीवर मुलं उभी होती. पस्तीसवर मनोरा नव्हता. कोणताही हात न लागता निसर्गतः जी रेघ यायला हवी, जी आम्हाला पुस्तकात शिकवतात, तीच ती होती. मी तो आलेख पुन्हा काढून पाहिला. तोच आला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी खलील सर जाराजवळ पाणी पीत होते, तिथंच मी त्यांना गाठलं. हळू आवाजात सगळं सांगितलं. मला राग आला होता. मला वाटत होतं, काल त्या पडद्याभोवती हसत उभी असलेली ही सगळी माणसं, बिडवे बाईंसकट, एका ठिकाणी मात्र हात आखडता घेत होती. आणि ते मी खलील सरांना सांगत होते, म्हणजे आणखीच वाईट.

सरांनी पेला पालथा घालून ठेवला.

“नियामकानुसार बघितलंस?”

“नाही.”

“उर्दूचे गठ्ठे सगळ्यांकडं सारखे जात नाहीत. बघ कोणाकडं जातात. आणि थोडे इकडंतिकडं गेलेले असतील, त्यांत काय झालं तेही बघ. त्याशिवाय कोणावर चिडू नकोस.”

मला थोडी शरम वाटली. हे मला आधीच सुचायला हवं होतं. दुपारपर्यंत मी ते करून पाहिलं. माझ्याकडं नियामकांची नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. उर्दू माध्यमाचे बहुतेक गठ्ठे, वर्षानुवर्षं, चार क्रमांकाकडं गेले होते. जे थोडे दुसऱ्या नियामकांकडं गेले, त्यांत खड्डा होता, मनोरा होता, इतरांसारखाच. म्हणजे परीक्षक दुजाभाव करत नव्हते. मग मी चार क्रमांकाकडं गेलेले मराठी माध्यमाचे गठ्ठे वेगळे काढले. त्यांतही खड्डा. म्हणजे हा चार क्रमांकाचा माणूस कडक नव्हता. तो फक्त एकाच ठिकाणी सही करत नव्हता.

चहाची वेळ होती. सर बाकावर एकटेच होते. इतर नियामक मंडळानं दिलेले क्रमांकाचे बिल्ले छातीवर लावत, खलील सरांच्या छातीवर मी तो कधी पाहिला नव्हता. पण हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मी विचारलं, “सर, चार क्रमांकाचे नियामक कोण?”

त्यांनी खिशात हात घातला. दोन-तीन लवंगांबरोबर बिल्ला बाहेर आला. तो त्यांनी बाकावर ठेवला, सरळ केला आणि माझ्याकडं सरकवला.

त्यावर चार होता.

“माझं पहिलं वर्ष होतं,” ते म्हणाले. “बाहेर टपरीवर आम्ही सगळे उभे. एक जण म्हणाला, आता काय, खलीलमियां नियामक झाले, उर्दूवाल्यांची चांदी आहे. हसत म्हणाला हं. वाईट माणूस नव्हता, पुढं माझ्या भावाच्या मयतीला आला होता. मीही हसलो. आत आलो तर पहिलाच गठ्ठा उर्दू शाळेचा. परीक्षकानं दोन पोरांना पस्तीस करून माझ्यापुढं ठेवलं. मी म्हणालो, आधीचेच मार्क राहू द्या.”

“एकदाच?”

“एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. मग सगळ्यांना वाटायला लागलं, उर्दूचे गठ्ठे खलील सरांकडं द्या, तिथं कोणी बोट ठेवणार नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, बेटा. कोणी बोट ठेवणार नाही.” त्यांनी लवंगा गोळा करून पुन्हा खिशात टाकल्या. “मला वाटत होतं, थोडी पोरं असतील. थोडीच आहेत का?”

“नाही, सर.”

“मला आकडा नको सांगू.”

मी सांगितला नाही. पण दुसरी गोष्ट मला सांगायलाच हवी होती. “सर, हा आलेख मला अहवालातून वगळता येणार नाही.”

“वगळ असं म्हणालो का मी?” ते पहिल्यांदाच चिडले. मग आवाज खाली आला. “मला विचारतील तेव्हा दाखव. आधी नको.”

बैठक शनिवारी दुपारी झाली. मोहरीर साहेब, आठ-दहा नियामक आणि परीक्षकांच्या वतीनं बिडवे बाई. साहेबांनी नवी पद्धत समजावून सांगितली. माझा पहिला आलेख पडद्यावर होता. “हा खड्डा नाही,” साहेब म्हणाले, “ही लबाडी आहे. चांगल्या मनानं केलेली, पण लबाडीच.”

बिडवे बाई उठल्या. त्या बोलतील हे ठाऊक होतं, इतकं चांगलं बोलतील हे ठाऊक नव्हतं. “साहेब, तुम्ही पेपरचे तुकडे करणार. पत्र एकाकडं, निबंध दुसऱ्याकडं. आत्ता मी अख्खा पेपर वाचते तेव्हा मला पोरगं दिसतं. पहिल्या पानावर घाबरलेलं असतं, तिसऱ्या पानावर जरा सावरतं, शेवटी वेळ संपत आली की हात पळवतं. तुमच्या पद्धतीत ते कोणालाच दिसणार नाही.”

“तेच तर हवंय, बाई. दिसलं की तुम्ही ओढता.”

“ओढतो. सगळ्यांना ओढतो. या पोरीनं सिद्ध केलंय ते, विचारा तिला.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी खलील सरांकडं पाहिलं. “सर, तुम्ही इथले सगळ्यात जुने. तुमचं काय म्हणणं?”

सर उठून उभे राहिले. त्या दिवशी बिल्ला त्यांच्या छातीवर होता. “रेवती, दाखव,” ते म्हणाले.

मी उर्दूचा आलेख लावला.

“हे चार क्रमांकाचे गठ्ठे,” सर म्हणाले. “चार क्रमांक मी. परीक्षकांनी या पोरांनाही ओढलं होतं, सही मी केली नाही. माझं नाव खराब होईल म्हणून. बाईंनी पोरगं बघितलं. मी पोरगं बघितलं, आणि त्याच्या मागं उभा असलेला मीच मला दिसलो.” त्यांनी घसा खाकरला. “साहेब, चहानंतरचा गठ्ठा बंद करा. नवी पद्धत आणा.”

ते बसले. मोहरीर साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. ठराव झाला.

बाहेर व्हरांड्यात बिडवे बाई चपला घालत होत्या. त्यांचे डोळे लाल होते. “सर, तुमचं दुःख मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही तुमच्या पोरांना दिलं नाही, म्हणून आता कोणालाच नको, असंच ना हे?”

उत्तर ऐकायला बाई थांबल्या नाहीत.

पुढच्या वर्षी नवी पद्धत लागू झाली आणि निकालानंतर मी पुन्हा आलेख काढले. खड्डा भरला होता. मुलांनी भरला होता. मराठी, हिंदी, उर्दू, सगळ्या रेघा एकमेकींवर इतक्या नीट बसल्या की त्या वेगळ्या दाखवायला मला रंग बदलावे लागले. एकच पेपर दोघांनी तपासला तर गुणांत पडणारा फरकही कमी झाला. माझा अहवाल अजून कुठंकुठं दाखवला जातो. बिडवे बाई त्यानंतर तपासणीला आल्या नाहीत. तो म्हशीवाला मुलगा एक वर्ष लवकर जन्मला म्हणून वाचला, आणि त्याच्यानंतरचे त्याच्यासारखे सगळे त्या रेघेखाली आहेत, हे मी आलेख बघताना दर वेळी मोजते.

पण मला जास्त आठवते ती त्या शनिवारची संध्याकाळ.

“बेटा, तुला बसस्टँडकडंच जायचंय ना?” सर फाटकाशी थांबले होते. “माझ्याबरोबर चल जरा. एकटा गेलो तर दारातून परत येईन.”

आम्ही चालत निघालो. त्यांनी वाटेत सांगितलं. त्यांच्या गल्लीत कूलर दुरुस्त करणारे हमीदभाई राहतात. त्यांची मुलगी सुमय्या, उर्दू शाळेतली. तिला नर्सिंगला जायचं होतं. दहावीत बाकी सगळ्या विषयांत चांगली पास झाली आणि इंग्रजीत तेहतीस. हमीदभाई गुणपत्रिका घेऊन सरांच्या घरी आले. पेपर पुन्हा तपासायला टाकू का, म्हणून विचारलं.

“मी म्हणालो, टाकू नका. मंडळात माप सगळ्यांना सारखं असतं. पोरीचाच अभ्यास कमी पडला.” सर थांबले. “पोरगी दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. परत परीक्षेला बसलीच नाही.”

“तो पेपर तुमच्याकडंच आला होता का, ते शोधता येईल, सर,” मी म्हणाले. ती माझी सवय होती.

“नको शोधू. तसलाच पेपर होता, एवढं बास.” ते पुन्हा चालू लागले. “ती आता समोरच्या दवाखान्यात बसते. नंबर देते लोकांना.”

तेव्हा मला लवंगांचा अर्थ कळला.

दवाखाना लहान होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, काउंटरवर दातांची मोठी पांढरी कवळी, आणि तिच्यामागं पंचविशीतली, डोक्यावरून ओढणी घेतलेली मुलगी. सरांना बघून ती उभीच राहिली.

“या सर. आलात एकदाचे. अब्बा रोज म्हणतात, सर गॅलरीत गालाला हात लावून फिरतात आणि इकडं काही येत नाहीत.”

“सुमय्या, तुझ्याशी जरा बोलायचं होतं.”

“आधी नंबर घ्या, मग बोला. नाहीतर हे काका पुढं जातील.” एक म्हातारा खुर्चीतून हसला. “फार दुखतंय का?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

“हो,” ते म्हणाले.

तिनं नंबराची चिठ्ठी दिली. आम्ही बसलो. सर दोनदा उठले. एकदा तिचा फोन वाजला, एकदा एक बाई रडणाऱ्या मुलाला घेऊन आली. मग त्यांचाच नंबर आला आणि ते आत गेले.

बाहेर मी आणि ती. म्हातारे काका औषध घेऊन निघून गेले होते.

“तुम्ही सरांच्या विद्यार्थिनी?” तिनं विचारलं.

“नाही. मंडळात काम करते. मार्कांचं.”

“अच्छा. माझं तिथंच अडलं बघा. दोन मार्कांनी.” हे तिनं सहज सांगितलं. ती बोलता बोलता कवळीवरची धूळ पुसत होती. “अब्बा चिडले होते, म्हणाले काहीतरी गडबड असणार. पण सर म्हणाले, माप सगळ्यांना सारखं असतं. सरांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार ना. ते एक बरं झालं. नाहीतर आयुष्यभर मनात राहिलं असतं की कोणीतरी मुद्दाम केलं.”

मी तिच्याकडं बघून मान हलवली. त्याव्यतिरिक्त काय करायचं असतं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा गाल सुजला होता आणि दातांत कापूस होता. डॉक्टरांनी आतून ओरडून सांगितलं, दाढ पार किडली होती, हा माणूस इतके दिवस झोपत कसा होता. सर थेट काउंटरपाशी गेले. दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि तोंड उघडलं.

“नाही, सर,” सुमय्या म्हणाली. “कापूस दाबून धरा. अर्धा तास काहीच बोलायचं नाही.”

ते तसेच उभे राहिले. तिनं हातानंच खुर्ची दाखवली, तेव्हा येऊन माझ्याशेजारी बसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि ते घड्याळाकडं बघत होते. ते का बघतायत हे मला माहीत होतं. म्हणून, ती औषधांचं खोकं उघडायला आत गेली तेव्हा, ती मला जे म्हणाली होती ते मी त्यांना हळूच सांगितलं. तिचेच शब्द, जसेच्या तसे. आपल्याकडं असलेली माहिती त्यांच्यापासून लपवणं मला बरोबर वाटलं नाही.

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं नाही. कापसामुळं जबडा घट्ट मिटलेला होता. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी रुमालानं टिपलं. दाढ काढल्यावर येतंच.

अर्धा तास झाला. सुमय्या म्हणाली, “हं सर, टाका आता कापूस. काय म्हणत होतात?”

सर उठले. काउंटरपाशी गेले, खिशात हात घातला आणि उरलेल्या लवंगा एक एक करून त्या पांढऱ्या कवळीशेजारी ठेवल्या.

“काही नाही,” ते म्हणाले. “या आता लागणार नाहीत. तुझ्या अम्मीला दे.”